घर भाड्याने देताना काय विचारायचे आणि काय नाही: गोव्यातल्या घरमालकांसाठी

फोंड्याजवळच्या आमच्या घराचा माडीवरचा भाग आम्ही भाड्याने देतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागून वेगळा जिना. सात-आठ वर्षांपूर्वी एका नर्सचा फोन आला. बांबोळीला नोकरी, पगार नियमित, एकटीच राहणार. भाडे ठरले, डिपॉझिट ठरले आणि मग मी विचारले, "आडनाव काय म्हणालात?" तिने सांगितले. मी गाव विचारले. मग वाडा विचारला. तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, मी गावडा समाजाची. तुम्हांला तेच विचारायचं होतं ना?" मी म्हणालो, घरात विचारून कळवतो. कळवले नाही.

पुढे एका वकील मित्राकडे दुसऱ्याच कामाला गेलो असताना हे बोलण्यात आले. त्याने कायद्याचे पुस्तक उघडले आणि कलमे वाचून दाखवली. घर माझे, मग कुणाला द्यायचे तेही मीच ठरवणार, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी निघाली. उरलेले अर्धे गोव्यातल्या प्रत्येक घरमालकाला ठाऊक असावे म्हणून हे लिहितो आहे.

कायदा कुठे आहे

अमेरिकेत घर देताना भेदभाव करू नये यासाठी १९६८ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा एकच कायदा नाही. गोव्याचा इमारत भाडे नियंत्रण कायदाही योगायोगाने १९६८ चाच, पण त्याचा भर भाडे किती घ्यावे आणि घर खाली कधी करून घेता येते यावर आहे. घर नाकारण्याबद्दलच्या तरतुदी चार-पाच वेगवेगळ्या केंद्रीय कायद्यांत विखुरलेल्या आहेत. एका ठिकाणी सापडत नाहीत, म्हणून त्या नाहीतच असे मालक धरून चालतात.

सर्वांत जुना आणि सर्वांत थेट कायदा म्हणजे नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा कलम ४ खाली गुन्हा आहे. कलम ७ मध्ये बहिष्काराची व्याख्या आहे आणि तिच्यात घर किंवा जमीन भाड्याने देण्यास नकार देणे हे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. शिक्षा १ ते ६ महिने कैद आणि सोबत दंड. दंडाचा आकडा ५०० रुपयांपर्यंतचा, जुन्या काळचा आहे. तो पाहून कुणी निर्धास्त होऊ नये, कारण दंड भरून कैद टळत नाही.

याच कायद्याचे कलम १२ मालकांनी नीट समजून घ्यावे. तक्रार करणारी व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. कारण वेगळे होते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. "माझ्या मनात तसं काही नव्हतं" एवढे सांगून भागत नाही. मनात काय होते ते दाखवणारा कागद हवा.

दुसरा कायदा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. त्यात २०१६ पासून सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षे. आर्थिक बहिष्काराची व्याख्या रुंद आहे. व्यवहार करण्यास नकार देणे आणि इतरांना ज्या अटींवर सहज देतो त्या अटींवर न देणे, हे दोन्ही तिच्यात येते. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत, हे आपल्यापैकी बरेच जण विसरतात. त्या नर्सला मी दिलेला नकार या व्याख्येत बसतो की नाही, हे न्यायालयानेच ठरवले असते. तिने तक्रार केली नाही. तिला दुसरे घर मिळाले असावे, एवढीच आशा मी करू शकतो.

तृतीयपंथी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायदा २०१९ चा आहे. घर भाड्याने घेणे, विकत घेणे किंवा त्यात राहणे यांबाबत तृतीयपंथी व्यक्तीशी भेदभाव करू नये, असे त्याचे कलम ३ सांगते. राहत्या घरातून किंवा गावातून तिला हुसकावणे हा फौजदारी गुन्हा आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ मध्येही घराबाबत जवळजवळ हेच शब्द आहेत. आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांगतो, की केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. या कायद्याचा भंग पहिल्यांदा झाला तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

आता कायद्यात जिथे पोकळी आहे तेही सांगतो. धर्म, लग्न झालेले असणे-नसणे, खाणेपिणे, एकट्या बाईने राहणे, या कारणांवरून खासगी मालकाने घर नाकारले तर त्याला थेट गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा नाही. राज्यघटनेचे कलम १५ (१) सरकारला बांधते, खासगी घरमालकाला नाही. मुस्लिमांना घर भाड्याने किंवा विकत मिळत नाही ही तक्रार सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवली आणि समान संधी आयोग नेमण्याची शिफारस केली. घरमालकाला लागू होईल असा कायदा त्यातून अजून आलेला नाही. म्हणून या कारणांवरून नकार देणे योग्य ठरते, असे मी मानत नाही. माझ्या घराचे नियम करताना मी कायद्यातला आणि कायद्याबाहेरचा भेदभाव अशा दोन वह्या ठेवल्या नाहीत.

पहिले काम: आपण घर कशासाठी देतो आहोत ते ओळखा

गोव्यात "घर दिलंय" या दोन शब्दांत तीन वेगळी नाती येतात.

भाडेकरू महिन्याच्या भाड्याने आणि करार करून राहतो. मुंडकार वेगळा. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) संमतीने त्याच्या भाटात, म्हणजे बागायतीच्या जमिनीत, पूर्वीपासून घर करून राहणाऱ्या कुटुंबाला १९७५ च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण आहे. त्याला सहजासहजी काढता येत नाही, उलट घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्यालाच आहे, आणि ते काम मामलेदाराकडे चालते. मुंडकार आणि भाडेकरू यांचे कागद एकमेकांत मिसळू देऊ नका. आणि "उद्या मुंडकार म्हणून दावा लावील" या भीतीने गरीब माणसाला घर नाकारू नका. नियमित भाडे भरणारा आणि पावती घेणारा भाडेकरू मुंडकाराच्या व्याख्येत येत नाही. त्या भीतीवर उपाय म्हणजे पावती.

तिसरे नाते दिवसाच्या दराने राहणाऱ्या पर्यटकाशी. अनेक मालक इथेच चुकतात. पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. नोंदणी केली की आपण घरमालक कमी आणि हॉटेलवाले जास्त होतो. राज्यघटनेचे कलम १५ (२) हॉटेलांना लागू आहे आणि ते खासगी व्यक्तीलाही बांधते: केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाला हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही. १९५५ च्या कायद्यात तर हॉटेल या शब्दात लॉजिंग आणि बोर्डिंग हाऊस दोन्ही येतात. "फक्त परदेशी पाहुण्यांसाठी" किंवा "गोंयकारांना खोली नाही" असली पाटी तुमच्या दारावर किंवा ऑनलाइन जाहिरातीत असेल, तर हा लेख पुढे वाचण्याआधी ती काढा. जन्मस्थान हा शब्द घटनेत उगाच आलेला नाही.

दुसरे काम: निकष आधी लिहा, फोन मग घ्या

पहिला फोन येण्यापूर्वी एका वहीत लिहून ठेवा की तुम्हांला कसा भाडेकरू हवा. मी लिहितो ते असे: भाडे त्याच्या मासिक मिळकतीच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत असावे, ओळखपत्र आणि नोकरीचा किंवा शिक्षणाचा कागद असावा, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर द्यावा, या दोन खोल्यांत चार माणसांपेक्षा जास्त राहू नयेत, किमान अकरा महिने राहण्याचा विचार असावा. बस्स.

हे निकष सगळ्यांना सारखेच लावायचे. काणकोणहून आलेल्या मुलाला एक महिन्याचे डिपॉझिट आणि झारखंडहून आलेल्याला तीन महिन्यांचे, असे नाही. फोन आला की तारीख, नाव आणि कोणता निकष पुरा झाला नाही ते एका ओळीत टिपायचे. "१२ जून. पाच माणसे राहणार, जागा कमी." तक्रार झालीच तर कलम १२ समोर उभे राहायला हीच वही उपयोगी पडते. आणि खरे सांगतो, तक्रार न झाली तरी या वहीने माझी सवय बदलली. कारण लिहायला बसलो आणि लिहिण्यासारखे कारण सापडले नाही, असे दोनदा झाले. दोन्ही वेळा मी परत फोन करून घर दाखवायला बोलावले.

तिसरे काम: जाहिरात आणि एजंट

म्हापसा, पर्वरी, पणजी या बाजूला बहुतेक घरे एजंटमार्फत जातात. एजंटांची भाषा ठरलेली असते: "फॅमिली हवी," "शिवराक (शाकाहारी) हवं," "आपले लोकच पाहिजेत," "घाटी नकोत." मालक हे तोंडी बोलतो, एजंट ते गिऱ्हाइकापर्यंत पोचवतो आणि आपला हात स्वच्छ राहिला असे मालकाला वाटते. तसे होत नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम १० नुसार अशा गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. एजंटने तुमचा निरोप व्हॉट्सअॅपवर तसाच पुढे पाठवला, तर तो पुरावा कायमचा राहतो.

म्हणून एजंटला लेखी कळवा. मी पाठवतो तो मजकूर असा: "जात, धर्म, भाषा, राज्य यावरून कुणाला गाळू नये. घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव मला कळवावे." दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे, कारण आपल्या नावाने कुणाला परत पाठवले गेले हे आपल्याला बहुधा कळतच नाही.

"शिवराक" या अटीवर थोडे थांबतो. ज्या गावात रोज सकाळी मासे विकणाऱ्या नुस्तेकान्नीची हाक ऐकू येते, तिथे मासळी न शिजवणारा भाडेकरू शोधणे म्हणजे बहुतेक वेळा जात आणि धर्म शोधणेच असते. स्वयंपाकघर सामाईक असेल, घरात सोवळे पाळणारी वृद्ध आई असेल, तर अट समजू शकतो. तसे मोकळेपणाने सांगा आणि पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगा. पण स्वतंत्र जिना, स्वतंत्र चूल असलेल्या माडीवर कोण काय शिजवतो याची अट घालण्याचे कारण मला तरी सापडले नाही. आडनाव सारस्वत निघाले की मासे चालतात आणि दुसरे निघाले की चालत नाहीत, असे होत असेल तर तुमची अट जेवणाची नाही.

चौथे काम: घर दाखवताना

पाहायला आलेल्या माणसाला विचारायचे ते वहीतल्या निकषांपुरतेच. आडनाव करारासाठी लागते, म्हणून ते करार करताना कळेलच. गाव विचारायला हरकत नाही, गप्पांत ते येतेच; पण वाडा, कुलदैवत, "तुम्ही नेमके कोणते?" हे प्रश्न गिळून टाका. आपल्याकडे ही चौकशी इतकी सवयीची आहे की विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते. समोरचा मात्र तो प्रश्न शंभराव्यांदा ऐकत असतो.

एकट्या मुलीला "रात्री किती वाजता येणार, कोण भेटायला येणार" हे विचारू नका. तेच प्रश्न तुम्ही एकट्या मुलाला विचारत नाही. लग्नाचे सर्टिफिकेट मागणेही टाळा. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. आजाराची चौकशी किंवा रक्ताचा रिपोर्ट तर कधीच मागू नये.

चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती आली, तर "जिना आहे, तुम्हांला जमणार नाही" असे आपणच ठरवू नये. घर दाखवा, जमते की नाही ते तिला ठरवू द्या. तळमजल्याची खोली असेल, उंबऱ्याला लाकडी उतार किंवा न्हाणीघरात धरायला दांडी लागत असेल, तर ते काम फार मोठे नसते. खर्च कुणी करायचा ते करारात लिहा.

पाचवे काम: पोलीस पडताळणी

गोव्यात भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस स्टेशनला देणे बंधनकारक आहे. फॉर्म भरा, फोटो आणि ओळखपत्राची प्रत जोडा, पोच घ्या. परदेशी माणूस राहायला आला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन द्यावी लागते. लोक याला सी फॉर्म म्हणतात. त्याचा व्हिसा आणि पासपोर्ट पाहा, मुदत पाहा. ते ठीक असेल तर तो नायजेरियाचा आहे की रशियाचा याने तुमच्या घराला फरक पडत नाही.

हा फॉर्म प्रत्येक भाडेकरूचा द्यायचा. सत्तरीहून आलेल्या ओळखीच्या मुलाचा दिला नाही आणि काश्मिरी दुकानदाराचा मात्र त्याच दिवशी नेला, तर कायदाही पाळला गेला नाही आणि भेदभावही झाला. आधारची प्रत घेताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत मागा आणि भाडेकरू गेल्यावर ती फाडून टाका.

सहावे काम: करार

अकरा महिन्यांचा करार सगळे करतात, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. करारात भाडे, डिपॉझिट, वीज-पाण्याचे बिल, दुरुस्ती आणि नोटिशीची मुदत लिहा. भाडेकरूने कोणत्या धर्माचे सण करावेत, कोण पाहुणे यावेत असल्या ओळी काढून टाका.

राहायला आल्यावर

भेदभाव दारातच संपतो असे नाही. घर देऊनही तो करता येतो. विहिरीवर वेगळी वेळ, अंगणात कपडे वाळत घालायला मनाई, गाडी लावायला जागा नाही, नळाचे पाणी आधी आम्हांला. नागरी हक्क संरक्षण कायद्यात विहीर, पाणवठा, रस्ता यांचाही उल्लेख आहे. एका भाडेकरूला जी सोय, तीच सगळ्यांना.

न सांगता त्याच्या खोलीत शिरू नका. भाडे भरणाऱ्या भाडेकरूला निर्वेध ताबा देणे ही मालकाची जबाबदारी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्येच आहे. दुरुस्तीसाठी जायचे तर आदल्या दिवशी कळवा.

आणि भांडणात जातीचा उल्लेख कधीही नको. भाडे थकले म्हणून तुमचा राग खरा असेल, पण चारचौघांत जातीवरून एक शब्द गेला की भाड्याचा मुद्दा मागे पडतो आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा गुन्हा उभा राहतो. त्या कायद्यात सर्वसाधारणपणे अटकपूर्व जामीन नाही.

शेजारी आणि सोसायटी

फ्लॅट असेल तर दबाव बहुतेक वेळा सेक्रेटरीचा असतो. "आपल्या बिल्डिंगमध्ये असल्यांना देऊ नका." सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी (संस्थेचा नोंदलेला नियम) मान्य केला होता, हे खरे. पण तो निकाल नोंदलेल्या उपविधीबद्दल होता, जिन्यात दिलेल्या तोंडी हुकमाबद्दल नाही. म्हणून सेक्रेटरीला शांतपणे म्हणा, "दादा, उपविधीतलं कलम आणि कमिटीचा ठराव लेखी द्या." बहुतेक वेळा लेखी काही येत नाही. आलेच, तर सहकार निबंधकाकडे जाता येते.

गावात दबाव वेगळा. पंच येतात, देवळाच्या कमिटीतले कुणी बोलतात, आणि उद्या आपल्यालाही तिथेच राहायचे असते. माझा अनुभव असा, की "पोलीस पडताळणी झाली आहे, करार झाला आहे, कागद बघायचे असतील तर या" एवढे म्हटले की आवाज खाली येतात. आमच्या माडीवर सध्या राहणाऱ्या कुटुंबाबद्दल मला हे तीनदा म्हणावे लागले.

घर खाली करून घेताना

भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तिथे भाडेकरूला काढायचे तर रेंट कंट्रोलरकडे अर्ज करावा लागतो. कारणे कायद्यात दिलेली आहेत: भाडे थकवणे, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, नुकसान करणे, मालकाची स्वतःची गरज अशी. त्याने धर्म बदलला, दुसऱ्या समाजात लग्न केले, आपली ओळख उघड केली, ही त्यांत नाहीत. कुलूप बदलणे, वीज तोडणे, सामान बाहेर ठेवणे हे तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. बेकायदा काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचे हा प्रश्नच विचारला जात नाही.

तक्रार आली तर

नोटीस किंवा पोलिसांचा फोन आला तर तक्रारदाराला फोन करून समजावायला जाऊ नका. तो दबाव धरला जातो. वही, जाहिरात, एजंटला पाठवलेला निरोप, आधीच्या भाडेकरूंचे करार, सगळे एका फायलीत घाला आणि वकिलाला दाखवा. मेसेज पुसू नका.

आणि जो भाडेकरू म्हणून हे वाचत असेल त्याच्यासाठी: जातीवरून नकार मिळाला तर जवळच्या पोलीस स्टेशनला तक्रार देता येते, हे गुन्हे दखलपात्र आहेत. दिव्यांगत्वाबद्दल राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे जाता येते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. मिळकत कितीही असली तरी. उत्तर आणि दक्षिण गोवा दोन्ही जिल्ह्यांत ही प्राधिकरणे आहेत. जाताना घर पाहिल्याची तारीख, एजंटचा मेसेज आणि नकाराचे शब्द जसेच्या तसे लिहून न्या.